कोच नेमकं करतो काय?

ऑगस्ट आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन प्रकारचे लोक तयार होतात. पहिले म्हणतात, "यंदा आपलंच आहे बे." दुसरे म्हणतात, "हा मॅनेजर आहे तोवर काही होत नाही." सप्टेंबर उजाडेपर्यंत पहिले दुसऱ्यांत सामील झालेले असतात. नागपूरपासून लंडन किती लांब आहे हे आम्ही कोणी मोजलेलं नाही. पण मॅच हरल्यावर कोणाला घरी पाठवायचं, हे आम्ही नव्वदाव्या मिनिटाच्या आत ठरवतो.

मी आर्सेनलचा. त्यामुळे हा लेख मी साळसूदपणे लिहू शकत नाही. १३ ऑगस्ट २०२१ची रात्र, म्हणजे आपल्याकडे शनिवार लागून अर्धा तास झालेला. ब्रेंटफर्ड हा क्लब ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये परतला होता आणि त्यांच्या पहिल्याच मॅचमध्ये आम्ही २-० हरलो. घरचे झोपलेले, त्यामुळे शिव्याही म्यूटवर द्याव्या लागल्या. पुढच्या रविवारी रात्री नऊ वाजता चेल्सीकडून २-०. त्यापुढच्या शनिवारी भर संध्याकाळी पाच वाजता मँचेस्टर सिटीकडून ५-०. तीन मॅच, शून्य गोल, नऊ खाल्लेले, टेबलमध्ये विसावं स्थान. सिटीविरुद्धचा पाचवा गोल झाला तेव्हा मी गच्चीवर जाऊन 'आर्टेटा आउट' असं लिहून त्याखाली एक मीम टाकलं. त्या मीमला ग्रुपमध्ये जेवढे हसण्याचे इमोजी मिळाले, तेवढे माझ्या इंजिनीअरिंगच्या रिझल्टलाही मिळाले नव्हते.

त्या मीममुळे मला ठाम माहीत झालेली गोष्ट एकच होती. मिकेल आर्टेटा या माणसाला काम येत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तो सीझन आर्सेनलने पाचव्या नंबरवर संपवला. ६९ पॉइंट्स, चौथ्या नंबरपेक्षा दोनच कमी. त्यानंतरचे तीन सीझन सलग दुसरा नंबर. मीम टाकणारे आम्ही सगळे हळूच 'प्रोसेसवर विश्वास ठेवा' म्हणणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. ग्रुपमध्ये जुने मेसेज शोधता येतात, पण ते कोणी शोधत नाही. तेवढा सभ्यपणा आहे आमच्यात.

पण मला बोलायचंय ते त्या सीझनवरच्या एका मालिकेबद्दल, तिच्याच काळात आलेल्या एका सिनेमाबद्दल, आणि त्या दोन्हींमुळे मला आठवलेल्या एका रजिस्टरबद्दल.

मालिका म्हणजे 'ऑल ऑर नथिंग: आर्सेनल'. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओवर आली, आठ भाग. त्याच २०२१-२२च्या सीझनभर कॅमेरे ड्रेसिंग रूममध्ये होते. मी ती दोन रात्रींत संपवली आणि मला आर्टेटा आवडायला लागला. यात नवल काही नाही, मालिका त्यासाठीच बनवलेली आहे. तो बोर्डवर एक हृदय आणि एक मेंदू काढतो आणि दोघांनी हातात हात घालायला हवा म्हणून सांगतो. तो खेळाडूंपुढे बल्ब घेऊन येतो. लिव्हरपूलच्या मैदानावर जायच्या आधी प्रॅक्टिसला मोठे स्पीकर लावून त्यांच्या प्रेक्षकांचं गाणं वाजवतो, म्हणजे पोरांना गोंगाटाची सवय व्हावी. मग टीम तिथे जाते आणि ४-० हरते.

हा प्रसंग मालिकेत विनोदी वाटत नाही, ही तिची कमाल आणि हीच तिची लबाडी. आपण बघत असतो २०२२च्या ऑगस्टमध्ये. हा माणूस टिकला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे त्याची प्रत्येक विचित्र गोष्ट आपल्याला दूरदृष्टी वाटते. समजा डिसेंबरमध्ये त्याला काढलं असतं, तर तेच स्पीकर, तोच बल्ब, तेच हृदय-मेंदूचं चित्र घेऊन कोणीतरी उत्तम विनोदी मालिका केली असती. फुटेज तेच. फक्त शेवट वेगळा.

आणखी एक गोष्ट मालिका घाईने मागे टाकते. पहिल्या तीन मॅचमध्ये जी टीम खेळली ती पूर्ण नव्हतीच. ओडेगार्ड आणि रॅम्सडेल २० ऑगस्टला आले, तोमियासू महिन्याच्या शेवटच्या दिवशी. ब्रेंटफर्डविरुद्ध दोन्ही मोठे स्ट्रायकर आजारी होते. म्हणजे त्या तीन मॅचमधून कोचबद्दल समजण्यासारखं फार थोडं होतं. मला त्यातून सगळं समजलं होतं. मालिका बघून परत एकदा सगळं समजलं, फक्त आता उलट. दोन्ही वेळा माझ्याकडे माहिती सारखीच कमी होती.

इथे कोणीतरी फर्ग्युसनचं नाव काढणार, ते आधीच काढतो. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने ॲलेक्स फर्ग्युसनला निरोप देणारा बॅनर फडकवला होता. तोवर तीन वर्षं झाली होती आणि हाती ट्रॉफी एकही नव्हती. पुढच्या मे महिन्यात एफए कप आला आणि २०१३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १३ लीग विजेतेपदं होती. ही गोष्ट मॅनेजरची बाजू घेणारा प्रत्येक जण सांगतो. संयम ठेवा, बॅनरवाल्यासारखं हसं करून घेऊ नका.

पण २०१७ची क्रिस्टल पॅलेसची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांनी फ्रँक डी बोअरला लीगच्या चार मॅचनंतर काढलं. चारही हरलेल्या, गोल एकही नाही. सगळ्या जगाने नावं ठेवली. त्यांनी रॉय हॉजसनला आणलं आणि सीझन अकराव्या नंबरवर संपवला. म्हणजे घाई केली आणि ती बरोबर ठरली. फर्ग्युसनच्या गोष्टीतून संयम शिकायचा, तर पॅलेसच्या गोष्टीतून काय शिकायचं? खरं म्हणजे दोन्हींतून काही शिकता येत नाही. टिकलेल्यांची गोष्ट टिकल्यामुळेच सांगितली जाते. संयम चांगला की घाई, हा प्रश्नच मला चुकीचा वाटायला लागलाय. त्याच्या अलीकडचा एक प्रश्न आहे, जो आम्ही ग्रुपमध्ये कधी विचारत नाही: कोच नेमकं करतो काय?

क्रिकेटमध्ये हा प्रश्न इतका छळत नाही. विदर्भाने जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा चंद्रकांत पंडितांच्या कडक शिस्तीचं कौतुक सगळ्या नागपूरने केलं. पण मैदानावर फील्डिंग लावताना दिसत होता फैज फजल. क्रिकेटला कॅप्टन असतो. फुटबॉलमध्ये मॅच सुरू झाली की दिसतो तो रेषेबाहेर हातवारे करणारा एक माणूस. अकरा जणांचा गोंधळ आपल्याला वाचता येत नाही, म्हणून आपण त्या एका चेहऱ्यावर सगळी गोष्ट लिहितो. जिंकलो तर जीनियस, हरलो तर आउट. 'चक दे! इंडिया'ने २००७ मध्ये हेच चित्र आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसवलं: कोच म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये भाषण देणारा माणूस. भाषण चांगलं झालं की मॅच जिंकली.

आता सिनेमाकडे. आर्सेनलचा तो सीझन चालू असतानाच, ४ मार्च २०२२ रोजी, नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला. आपल्या शहराचा सिनेमा. शूटिंग इथलं, पोरं इथली, भाषा इथली. अमिताभ बच्चन सोडले तर पडद्यावर सगळे आपल्या चौकातले वाटतात. गोष्ट विजय बारसेंवरून घेतलेली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक, २००१ मध्ये पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. पुढे त्या कामाचं 'स्लम सॉकर' झालं आणि २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कारही मिळाला. नागपुरात फुटबॉल त्यांच्या आधीही होतं, कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव घेतल्याशिवाय इथल्या फुटबॉलबद्दल बोलताच येत नाही. पण मैदानाच्या कुंपणाबाहेरच्या पोरांना आत आणणं ही वेगळी गोष्ट होती.

मी 'झुंड' बघायला गेलो तो स्पोर्ट्स फिल्म बघायला. पॉपकॉर्न घेतलं होतं. मध्यंतरापर्यंत मला हवं ते मिळालं: वस्तीची टीम विरुद्ध कॉलेजची टीम, बॅकग्राउंडला अजय-अतुल, थिएटरमध्ये शिट्ट्या. मग मध्यंतरानंतर फुटबॉल जवळजवळ गायब होतं. बाहेर पडताना माझा मित्र म्हणाला, "सेकंड हाफमध्ये ढिला पडला बे. मॅच कुठे आहे?" बऱ्याच लोकांचं हेच म्हणणं होतं. माझंही.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा कळलं की मॅच तीच आहे. मध्यंतरानंतरचा कोच भाषण देत नाही. तो कागद गोळा करतो. पोरांना परदेशात खेळायला न्यायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचा पुरावा हवा, आणि ज्यांना आजवर कोणी ओळखलंच नाही त्यांनी ओळखीचा पुरावा कुठून आणायचा? रिंकू राजगुरूने केलेली मोनिका ही आदिवासी मुलगी आणि तिचे वडील एका कागदासाठी या दारातून त्या दारात फिरतात. अंकुश गेडामने केलेल्या डॉनवर पोलीस केस आहे. सिनेमा या सगळ्यात इतका वेळ घालवतो की आपण कंटाळतो, आणि मला वाटतं तो कंटाळा मंजुळेंनी मुद्दाम आपल्या मांडीवर ठेवलाय. पाच गोल खाणं नव्वद मिनिटांत संपतं. हे संपत नाही.

आणि कोच म्हणून विजय बोराडेचं सगळ्यात महत्त्वाचं काम मैदानावर नाही, त्याच्या घरात होतं. पोरं येऊन बसतात आणि एकेक जण स्वतःबद्दल सांगतो. तो ऐकतो. बच्चनसारख्या आवाजाचा माणूस समोर बसलाय आणि सिनेमा त्याला गप्प बसवतो. 'चक दे'च्या उलट टोक. तिथे कोच बोलतो आणि खेळाडू ऐकतात.

हा सिनेमा पूर्ण जमलाय असं मी म्हणणार नाही. कोर्टातल्या प्रसंगात तो स्वतःचाच नियम मोडतो, बच्चनना शेवटी भाषण देतोच, आणि तेवढा वेळ पोरं परत प्रेक्षक होतात. मुलींच्या वाट्याला मुलांपेक्षा फार कमी आलंय. मोनिकाची गोष्ट उशिरा येते आणि तिला खेळताना आपण पुरेसं बघत नाही. मोठा स्टार घेतल्याशिवाय ही पोरं थिएटरपर्यंत पोचली नसती हे खरं, पण त्याची किंमत सिनेमा मोजतो. आर्टेटाच्या मालिकेसारखाच इथेही शेवटी एक चेहरा जरा जास्त मोठा होतो.

तरीही 'झुंड'ने मला जे दाखवलं ते मालिकेने दाखवलं नव्हतं: कोचच्या हातात काय नसतं.

आता रजिस्टर.

मी सोळा वर्षांचा असताना आमच्या वस्तीची टीम होती. सर सकाळी साडेपाचला सायकलवर यायचे, मागे जाळीच्या पिशवीत चार बॉल, हँडलला चुन्याची थैली. लाइन ते स्वतः मारायचे. नोकरी कारकुनाची, दहाला ऑफिस. त्यांचं फुटबॉल जुनं होतं, हे मी आजही म्हणेन. लांब बॉल मारा आणि पळा. आम्ही तोवर टीव्हीवर बार्सिलोना बघायला लागलो होतो आणि आम्हाला छोटे पास हवे होते. सरांचा एक निर्णय तर आम्हाला अजिबात कळायचा नाही. आमच्यात सगळ्यात वेगवान पोरगा होता, त्याला ते विंगवर खेळवायचेच नाहीत. मागे डिफेन्सला उभा करायचे. आम्ही त्यावरून पाठीमागे खूप हसायचो.

त्या वर्षीच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्या तीन मॅच हरलो. तिसरी ५-०. हो, तोच आकडा, म्हणून तर २०२१च्या त्या संध्याकाळी माझ्या पोटात काहीतरी हललं होतं, पण तेव्हा मी मीम बनवण्यात गुंतलो होतो. तिसऱ्या मॅचच्या संध्याकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर आम्ही मोठी पोरं आणि दोघा-तिघांचे बाबा जमलो. एकाचा चुलतभाऊ कुठलासा कोर्स करून आला होता. ठरलं. सरांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी 'नीट बोलतो'. मी नीट बोललो. "सर, तुम्हाला ऑफिस असतं, धावपळ होते तुमची." सरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉलची पिशवी, चुना आणि एक रजिस्टर माझ्या घरी ठेवून गेले. चहाला आई थांबवत होती, थांबले नाहीत.

नव्या कोचने आम्हाला छोटे पास शिकवले. पुढच्या दोन मॅच आम्ही जिंकलो. म्हणजे आमचा निर्णय बरोबर होता, पॅलेससारखा. वेगवान पोरगा विंगवर गेला, एक गोलही मारला. आणि महिन्याभरात त्याने यायचं बंद केलं. आणखी दोघांनीही.

रजिस्टर मी खूप नंतर उघडलं. हजेरी होती, ब्लडग्रुप होते, कोणाला किती बसभाडं दिलं ते होतं. त्या पोराच्या नावापुढे लिहिलं होतं की बूट भावाचे आहेत, दोन नंबर लहान, नखं काळी पडलीत, जास्त पळवू नये, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर ते बहुतेक बूट घेऊन देणार होते. आम्ही त्यांना ऑक्टोबरमध्ये काढलं.

हे वाचून सर महान होते असं मला म्हणायचं नाही. त्यांनी ती नोंद आम्हाला सांगितली असती तर आम्ही हसलो नसतो. किंवा त्या पोराचं हसं झालं असतं, म्हणूनच सांगितली नसेल. त्यांच्या डावपेचांनी आम्ही ती टूर्नामेंट जिंकलो नसतो, हेही जवळजवळ नक्की. प्रश्न एवढाच आहे की आम्ही ज्याला 'सरांना कळत नाही' म्हणत होतो, ते त्यांना कळलेलंच होतं. आम्हाला टीम दिसत होती, रजिस्टर दिसत नव्हतं.

चाहत्याला रजिस्टर कधीच दिसत नाही. आर्सेनलच्या मालिकेने कॅमेरा आत नेला आणि आपल्याला रजिस्टर दाखवल्यासारखं केलं, पण दाखवलं ते क्लबने मंजूर केलेलं पान. 'झुंड'ने ते पान न दाखवता ते लिहायला किती वर्षं लागतात ते दाखवलं. म्हणून मला हा सिनेमा त्याच्या सगळ्या लांबीसकट जास्त खरा वाटतो. त्याच्या शेवटी विमान उडतं आणि खाली ती भिंत दिसते, ओलांडायला सक्त मनाई असलेली. पोरं गेली, भिंत आहे तिथेच आहे. कोचने काय केलं याचा हिशेब त्या दोन वाक्यांत बसतो आणि बसतही नाही.

ज्या स्पर्धेसाठी ही सगळी धडपड, त्या होमलेस वर्ल्ड कपचा एक नियम मला आवडतो. छोटं मैदान, चार-चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. आणि पहिल्या मॅच हरलेली टीम घरी जात नाही. वेगवेगळ्या ट्रॉफींसाठी सगळ्या टीम शेवटच्या दिवसापर्यंत खेळतात. ज्याला आयुष्यात सगळीकडून बाहेर काढलंय त्याला इथूनही तिसऱ्या दिवशी बाहेर काढायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलंय. प्रीमियर लीगमध्ये हे चालणार नाही, मला कळतं. तिथे पैसा आहे, घसरण आहे, आणि कधीकधी मॅनेजरला खरंच काम येत नसतं. 'आउट' म्हणायचा हक्क मी सोडलेला नाही. चाहत्याकडे तेवढंच तर असतं.

फक्त आता मी ते लिहिण्याआधी दहावी मॅच होऊ देतो. ग्रुपमध्ये यावरून मला 'म्हातारा' म्हणतात.

तो वेगवान पोरगा मागच्या वर्षी सदरमध्ये भेटला. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. माझ्या फोनची स्क्रीन बदलता बदलता त्याने विचारलं, "सर कुठे असतात बे आता?" मला माहीत नव्हतं. त्याने पैसे घेतले नाहीत. स्क्रीनवर ग्रुपचे एकशे चाळीस मेसेज येऊन पडले होते. आदल्या रात्री आम्ही हरलो होतो.